सातवी ओळ

जात्याला नव्यानं टाकी लावली की पहिलं दळण खायच्या कामाचं नसतं. त्यात कच येते. बायका मूठभर किडकी ज्वारी घालून चार फेरे मारतात आणि ते पीठ उकिरड्यावर टाकतात. जात्यांना टाकी लावणारा तिरुकप्पा वड्डर ते पीठ मागून घ्यायचा आणि धोतराच्या सोग्याला गाठ मारून ठेवायचा.

"काय रं, कोंबड्या पाळल्यास व्हय?" बायका विचारायच्या.

"दगडाला घालतो, अव्वा."

"दगडाला?"

"त्याला कच चालती."

बायका हसायच्या. वड्डराचं डोकं, म्हणायच्या, उन्हात दगड फोडून फोडून असं होतं. तिरुकप्पाही हसायचा. खांद्याला टाक्यांची, दगड घडवायच्या छिन्न्यांची, पिशवी लावून तो गावाबाहेर निघायचा आणि एखाद्या पडक्या देवळाशी नाहीतर तळ्याच्या बांधाशी जाऊन अक्षरांच्या शिळेपुढं बसायचा. मूठभर पीठ अक्षरांवर टाकायचं आणि तळव्यानं हलकेच पुसायचं. पीठ खाचांत राहतं, बाकीचं झडून जातं. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं उभी राहिली की त्याला भूक-तहान आठवत नसे.

हे वेड त्याला लागलं ते त्याच्याच गावच्या, नेगळगुंदच्या तळ्यावर. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी. गावातल्या सहा जात्यांना टाकी लावून तो हातपाय धुवायला तळ्यावर गेला. बांधाशी उभी शिळा होती, लहानपणापासून बघितलेली. बायका तिच्यावर विळे घासायच्या, गुरं अंग घासायची. शाळेचं तोंड त्यानं दुसरीपर्यंत पाहिलेलं. अक्षरं बघून त्याला काही वाटायचं कारण नव्हतं. त्यानं अक्षरं पाहिलीच नाहीत. त्यानं टाकीचे घाव पाहिले. घाव उलटे पडले होते. उजव्या हाताचा माणूस टाकी धरतो तशी ती धरलेलीच नव्हती.

"डावरा होता की रं हा!" तो एकटाच मोठ्यानं बोलला.

त्याचा धाकटा काका डावरा होता आणि त्यापायी आज्याचा मार खाऊन मेटाकुटीला आला होता. इथं सातआठशे वर्षांपूर्वीचा एक डावरा बसून टाकी चालवत होता, आणि अक्षराची शेपटी वळवताना त्याची जी तारांबळ उडत होती ती तिरुकप्पाला जशीच्या तशी दिसत होती. ओळखीचं माणूस बाजारात भेटावं तसं झालं. आता ओळख झाली तर हा म्हणतोय काय, हे कळायला नको? बस, एवढंच. शिकायला एवढं कारण पुरतं, पण ते कुणाला सांगून पटत नाही. लोकांना वाटतं, माणूस काहीतरी मिळवायलाच शिकतो.

नेगळगुंदमध्येच कोट्रप्पा मास्तर राहत. शाळेतून निवृत्त होऊन जुन्या कानडीची पुस्तकं उशाला घेऊन पडलेले. तिरुकप्पा त्यांच्या जोत्याखाली जाऊन उभा राहिला.

"मास्तर, तळ्यावरच्या दगडावर काय लिवलंय?"

"तुला आजचं कानडी वाचता येतं का?"

"बसची पाटी येती."

"मग आठशे वर्षांपूर्वीचं कशाला पाहिजे तुला?"

"तो काय म्हणतोय बघायचंय."

"तो कोण?"

"डावऱ्या."

मास्तर हसत सुटले ते खोकल्यापर्यंत. पण माणूस मनाचा मोठा. त्यांनी जुन्या अक्षरांचा एक तक्ता काढून दिला आणि त्याला जोत्यावर बसायला सांगितलं. तिरुकप्पाच्या हातात पेन्सिल टिकेना. मग त्यानं आपल्या रीतीनं अभ्यास केला. झोपडीमागं फुटक्या दगडांचा ढीग होता, त्यावर एकेक अक्षर टाकीनं कोरायचं. कोरलं की ते हातात बसायचं. 'क' यायला तीन दगड गेले, 'ळ'ला सात. दीड वर्षात ढीग संपला. बायको द्यामव्वा म्हणायची, "लोकांची पोरं पाट्या फोडत्यात, आमच्या घरी पोरांचा बाप फोडतोय."

आणि मग असं झालं की मास्तरांना जे दिसेना ते याला कळू लागलं. झिजलेलं अक्षर डोळ्यांना सपाट दिसतं, पण घावाचा तळ बोटाला लागतो. तिरुकप्पा डोळे मिटायचा आणि उजव्या हाताची दोन बोटं ओळीवरून अशी न्यायचा, जसं कुणी झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून न्यावं. मास्तर लोकांना सांगत, "मी पुस्तकातून दगड वाचतो. हा दगडातून दगड वाचतो. माझी जन्माची विद्या ह्याच्या दोन बोटांत आहे." बारा वर्षांत कामाच्या वीस-बावीस गावांच्या फेरीत त्यानं साठ-पासष्ट शिळा वाचल्या. डावऱ्या त्याला पाच गावांत भेटला. एका ठिकाणी तर डावऱ्याचा हात थरथरलेला होता. म्हणजे म्हातारा झाला असणार, तिरुकप्पानं ताडलं, आणि त्या दिवशी घरी येऊन नीट जेवला नाही.

"आज डावऱ्या भेटला," तो ताटावर बसला की सांगायचा.

"काय म्हणत हुता?" द्यामव्वा भाकरी थापता थापता विचारायची. तीही त्या गड्याला घरातला माणूस समजायला लागली होती.

नेगळगुंदची शिळा मात्र पुरी होत नव्हती. अकरा ओळी. पहिल्या सहा वाचून झाल्या. त्यात त्या वेळचा राजा, तिथी, आणि गावचा गावुंड केतय्या, म्हणजे आजच्या भाषेत गौडा. शेवटच्या चारही झाल्या. आठव्या ओळीत होतं की त्याला बांधाखालची जमीन चंद्र-सूर्य असेपर्यंत दिली. अकराव्यात नेहमीचा शाप, हे जो मोडील त्याला काशीत हजार कपिला गायी मारल्याचं पाप. पण 'त्याला' म्हणजे कुणाला? तळं खोदलं कुणी? ते सातव्या ओळीत होतं, आणि सातव्या ओळीवर गावातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या विळे घासले होते.

गावात म्हणत, तळं गौडांच्या पूर्वजांनी खोदलं. गौडांनी कधी खोरं हातात धरल्याचं कुणी पाहिलेलं नाही, पण म्हणायला काय जातं. माती उपसणं, बांध घालणं हे वड्डरांचं काम; आजही आणि तेव्हाही. बांधाखाली वड्डरांच्या बारा-चौदा झोपड्या, आणि जत्रेत प्रसादाची पाटी त्यांच्यापर्यंत यायची तोवर तळाला चार दाणे उरायचे. मास्तरांनी एकदा सहज सांगितलं होतं की जुन्या शिळांत वोड्ड हे नाव येतं.

"म्हणजे आमी?" तिरुकप्पानं विचारलं.

"तुम्हीच."

"मग सातव्या ओळीत आपला माणूस असंल?"

"असेल. नसेलही. दगड म्हणेल ते खरं. घाई करायची नाही, तिरुकप्पा."

घाई त्याला नव्हतीच. मार्गशीर्ष-पौषात सकाळचं ऊन शिळेवर बाजूनं येतं, घटकाभर. तेवढ्या वेळात झिजलेल्या खाचेलाही सावली पडते. दोन हिवाळे तो पहाटे उठून बसला आणि त्याला एका अक्षराची वेलांटी आणि कुठंतरी एक आडवा घाव, एवढं लागलं. अजून दोन-तीन हिवाळे, तो म्हणायचा. द्यामव्वा विचारायची, मिळतं काय ह्यातनं? "काय न्हाई," तो खुशीत सांगायचा. त्याच्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस होते आणि त्याला ते ठाऊकही होतं. असं फार थोड्या माणसांच्या वाट्याला येतं.

मग तालुक्याच्या गावी एका मेलेल्या सावकाराच्या मुलांना वडिलांची आठवण झाली. त्यांनी बापाच्या नावानं प्रतिष्ठान काढलं. कार्यवाह अडिवेप्पा वकील. नवी शिळा शोधून वाचून आणणाऱ्याला पाचशे रुपये आणि प्रमाणपत्र. तिरुकप्पाकडं बारा वर्षांचा साठा होता. पहिल्याच सभेत त्याच्या अंगावर शाल पडली, पेपरात फोटो आला, खाली छापलं: 'टाकीवाला संशोधक श्री. तिरुकप्पा वड्डर'.

पैशानं माणूस बिघडतो म्हणतात. तिरुकप्पाला पैशानं बिघडवलं नाही, जरी गिरण्या आणि मिक्सर येऊन जात्या-पाट्यांचं काम आटत चाललं होतं आणि पाचशेची नोट त्याला नको नव्हती. त्याला बिघडवलं खुर्चीनं. फोटो आला त्या आठवड्यात नेगळगुंदच्या रुद्रगौडानं त्याला वाड्यावर बोलावलं आणि ओसरीवर खुर्ची दिली. आजवर हाच माणूस "तिरक्या, पाट्याला टाकी लावून जा रं" म्हणून अंगणातून हाक मारायचा.

"बस, तिरुकप्पा."

"ऱ्हाऊ द्या, गौडा. मी असाच बरा."

"अरे बस. पेपरातला माणूस तू."

प्लास्टिकचीच खुर्ची, एक हात तुटलेली. पण त्या ओसरीवर त्याच्या आज्यानं, बापानं कधी टेकलेलं नव्हतं. तो कडेला अर्धा टेकला आणि चहा होईस्तोवर तसाच राहिला. घरी येऊन त्यानं बायकोला डावऱ्याचं काही सांगितलं नाही. खुर्चीचं सांगितलं. दोनदा.

तिथून पुढं फेरी बदलली. नवी शिळा मोजायची आणि जुनी ओलांडून जायची. पीठ मागणं बंद झालं; दुकानातली खडूची भुकटी बरी, फोटोत उठून दिसते. दगडापुढं दिवस दिवस बसायचा तो आता एस्टीच्या वेळेवर नजर ठेवून उठू लागला. डोंगरावरचा एक धनगर त्याला वर्षानुवर्षं शिळांचे पत्ते फुकट सांगायचा. त्यानं एकदा गमतीनं म्हटलं, "पाचशातले पन्नास मला की रं," तर तिरुकप्पा त्याच्यावर खेकसला. धनगरानं पत्ते सांगणं सोडलं.

मास्तरांनी एकदा विचारलं, "अलीकडं डावरा भेटला का रे?"

"बघायला वेळ न्हाई झाला, मास्तर. ह्या महिन्यात चार झाल्या."

"चार काय?"

"चार शिळा."

मास्तरांनी उशाचं पुस्तक उघडलं. द्यामव्वा मात्र बोलली. ती कुणाला भीत नव्हती. "पयलं तुमी घरी येऊन सांगत हुता, अमका राजा, तमकी सती, गायी सोडवताना मेलेला अमका पोरगा. मला झोप यायची न्हाई. आता नुसतं किती झाले ते सांगताय. मी काय वकील हाय?"

आणि मग एक वर्ष प्रतिष्ठानचं देणं थांबलं. सावकाराच्या मुलांत भांडण लागलं होतं. त्या वर्षात तिरुकप्पा एकाही शिळेकडं गेला नाही. कोसावरच्या गावात विहीर खणताना अक्षरांचा दगड निघाला, लोक बोलवायला आले, तर म्हणाला, "बघू पुढं." बारा वर्षं ज्याला काही न मिळता सगळं मिळत होतं, त्याला आता काही मिळत नाही म्हणून उठवेना. हे त्याच्या स्वतःच्या लक्षात आलं का? आलं असावं. कारण त्या दिवसांत तो उगाच पोरांवर हात उचलायचा.

भांडण मिटलं आणि प्रतिष्ठानानं मोठा पुरस्कार जाहीर केला. 'शासनरत्न'; जुन्या कानडीत कोरलेल्या दानलेखाला शासन म्हणतात. पंचवीस हजार, चांदीचं पदक, आणि तालुक्यातल्या तळ्यांच्या शिळांचं पुस्तक, ज्यात वाचणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर. अट एकच. वाचन पुरं पाहिजे आणि फोटोत अक्षरं स्वच्छ दिसली पाहिजेत. दसऱ्याला सभा.

अडिवेप्पा वकील त्याला म्हणाले, "नेगळगुंदची दे. अकरा ओळींची दुसरी शिळा तालुक्यात नाही."

"तिची सातवी वळ राहिलीय, साहेब. हिवाळ्यात ऊन बाजूनं आलं की..."

"हिवाळा दसऱ्यानंतर येतो, तिरुकप्पा. कॉलेजातले प्राध्यापक पण उतरलेत, मोठा कॅमेरा घेऊन. आणि सातव्या ओळीत असणार काय? वरच्या ओळीत गावुंड केतय्या, म्हणजे तळंही त्याचंच. कुणीही सांगेल."

कुणीही सांगेल. हे शब्द त्याच्या डोक्यात चार दिवस फिरले. भाद्रपदात एका भर दुपारी, तळ्यावर चिटपाखरू नसताना, तो शिळेपुढं जाऊन बसला. सातव्या ओळीवर दोन बोटं ठेवली. बोटांना काही लागेना. खडूच्या भुकटीनं बथ्थड झालेली बोटं ती. त्यांना गेल्या तीन वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं.

मग त्याच्यातला धंदा बोलू लागला. जातं झिजलं की टाकी लावतात. पाटा झिजला की टाकी लावतात. बाप लावत होता, आजा लावत होता, आणि कुणी त्याला पाप म्हटलं नव्हतं, उलट वर भाकरी दिली होती. झिजलेला दगड पुन्हा चालता करणं हेच तर वड्डराचं काम. मग हा का झिजका ठेवायचा? शाप मोडणाऱ्याला आहे, नीट करणाऱ्याला नाही. दुसऱ्या कुणा अभ्यासकाच्या मनात हा विचार शिरला नसता, कारण दुसऱ्या कुणाच्या पिशवीत टाकी नव्हती.

वेळ फार लागला नाही. हात तयार होता. 'हे तळं खोदविलं गावुंड केतय्यानं.' जुन्या वळणाची अक्षरं, एकही चूक नाही. इथवर तो स्वतःला दगड दुरुस्त करतोय असं समजवू शकत होता. पण ताजा घाव पांढरा दिसतो. त्यानं घरून लोटीभर ताक आणलं, त्यात तळ्याचा गाळ कालवला आणि ओळीवर पंधरा दिवस थापत राहिला. दुरुस्त केलेल्या जात्याला कुणी ताक चोपडत नाही. ताक चोपडताना त्याला नक्की कळलं की आपण काय केलं.

दसऱ्याची सभा नेगळगुंदलाच झाली, तळ्याच्या बांधावर, शिळेला हार घालून. रुद्रगौडानं मांडव दिला होता. का देणार नाही? आठव्या ओळीतली जमीनही आता चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याच्याच पूर्वजाला मिळाली होती. पदक गळ्यात पडलं. टाळ्या झाल्या. मग कुणीतरी कोट्रप्पा मास्तरांना हाताला धरून पुढं आणलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"सातवी ओळ लागली म्हणे," मास्तर म्हणाले. "मला दाखव."

तिरुकप्पा बाजूला सरकला. मास्तरांनी आपणहून हात पुढं केला आणि शिष्याकडं पाहून पाहून जसं शिकले होते तशी दोन बोटं ओळीवर ठेवली. सहावी ओळ गेली. सातवीवर बोटं थांबली. घावाची कड धारेची होती. बोटं तिथून शेवटापर्यंत गेली, परत आली. मग मास्तरांनी हात मागं घेतला आणि उपरण्याला पुसला.

"मला घरी सोडा," ते जवळच्या माणसाला म्हणाले.

त्या दिवसानंतर तिरुकप्पा त्यांच्या जोत्यावर गेला नाही आणि त्यांनी बोलावलं नाही. फाल्गुनात मास्तर गेले. खांदा द्यायला हा गेला होता; वड्डराचा खांदा कुणी घेतला नाही. पदक कामाला आलं नाही तिथं.

दोन उन्हाळ्यांनी तळं आटलं आणि गाळ काढायचं काम निघालं. काम वड्डरांचंच. तिरुकप्पाचा पुतण्या दुर्गप्पा धावत आला.

"काका, खाली दगड घावलाय. अक्षरांचा."

तळ्याच्या पार तळाला, मोरीच्या, म्हणजे शेताला पाणी सोडायच्या वाटेच्या, तोंडाशी आडवी पडलेली शिळा. गाळानं तिला आठशे वर्षं पोटाशी धरलं होतं. विळा नाही, ऊन नाही. तिरुकप्पानं घागरभर पाणी ओतलं आणि तो शिळेवर वाकला. डावऱ्याचा हात. तोच उलटा घाव, शेपटीशी तीच तारांबळ. अकरा ओळी. दानाची शिळा दोन जागी लावायची रीत होतीच, एक वर, एक मोरीशी. पहिली ओळ तीच. दुसरी तीच. पीठ लागलं नाही, बोट लागलं नाही. सातवी ओळ काल कोरल्यासारखी होती.

'ह्या तळ्याची माती ज्यानं उपसली, बांध ज्यानं घातला तो वोड्ड मारय्या.'

आणि खाली, त्याला बांधाखालची जमीन, चंद्र-सूर्य असेपर्यंत.

"काय लिवलंय, काका?" दुर्गप्पानं विचारलं.

"बघावं लागंल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला अडिवेप्पा वकिलांच्या घरी गेला. बैठकीत खुर्च्या होत्या. तो उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. टाकीचं, ताकाचं, मोरीशी निघालेल्या शिळेचं. सांगताना रडला. वकिलांनी उठून दार लावलं.

"आणखी कुणाला बोललास?"

"न्हाई, साहेब. पर आता बोलतो. पदक परत घ्या. पैसे फेडतो. पुस्तकात दुरुस्ती करा. तळं केतय्यानं न्हाई खणलं. मारय्यानं खणलं. आमच्यातला हाय तो."

"पुस्तक छापून झालंय. मंत्र्यांच्या हातून प्रकाशन झालंय." वकील शांतपणे बोलत होते. "आणि जुन्या शिळेला टाकी लावली तर कायद्यानं तुरुंग आहे, ठाऊक आहे तुला? पोरांना कोण पोसणार?"

"पर खालचा दगड खरा हाय."

"खरा कशावरून? दोन दगड आहेत. एकावर अक्षरं स्वच्छ, त्याचं वाचन छापलेलं, वाचणारा शासनरत्न. दुसरा गाळातला. लिहिणारा अडाणी असेल, नाव चुकवलं असेल. डावरा होता ना तो, तूच सांगत असतोस."

"तो चुकत नव्हता, साहेब."

"तुला काय कळतं? टाकीवाला तू. टाकीवाल्यानं टाकीवाल्यासारखं राहावं." मग त्यांनी कपाटातून प्रतिष्ठानचा नेहमीचा कागद काढला. "नवी शिळा म्हणून नोंद करू. अशुद्ध प्रत. पाचशे मिळतील. सही कर."

बसची पाटी वाचणारा तिरुकप्पा, ज्याला आठशे वर्षांपूर्वीचं वाचता येत होतं, त्यानं तो कागद वाचला. पूर्ण वाचला. घरी द्यामव्वा होती, दोन पोरं होती, आणि तुरुंग हा शब्द त्या खोलीत अजून हलत होता. त्यानं सही केली. लाज वाटली का? वाटली. पण लाजेनं हात थांबतो असं नाही. आठ दिवसांत ट्रॅक्टर आला आणि मारय्याची शिळा प्रतिष्ठानच्या गोदामात गेली. ती तिथं पोत्यांमागं उभी आहे म्हणतात.

त्यानंतर त्यानं शिळा वाचली नाही. लोक बोलवायला आले तर डोळे गेले म्हणायचा. टाक्यांची पिशवी खुंटीला राहिली. टाकी लावायला जाती उरलीच नव्हती. मिळेल ते रोजंदारीचं काम करू लागला. द्यामव्वानं सुरुवातीला खोदून खोदून विचारलं, मग तिनंही विचारणं सोडलं.

पुढच्या वर्षी रुद्रगौडानं पंचायतीतून बांधावरच्या शिळेला चबुतरा मंजूर करून घेतला. तळं खोदणाऱ्या केतय्या गावुंडाचं स्मारक, वर छत्री, भोवती फरशी. जागा कमी पडत होती म्हणून बांधाखालच्या दोन झोपड्या हलवायचं ठरलं. पाया खणायला वड्डर बोलावले, आणि त्यात तिरुकप्पाही होता, कारण रोज ठरलेला होता. हलवायच्या झोपड्यांतली एक त्याच्या आत्याची. मारव्वा तिचं नाव. जन्मभर मातीच्या पाट्या वाहून तिची मान एका बाजूला कलली होती. आपली चूल, गाडगी, कोंबडीची डालकी बाहेर काढून ती शिळेपाशी येऊन बसली होती आणि खणणाऱ्यांकडं बघत होती.

"तिरुक्या," ती म्हणाली, "तुला वाचता येतं न्हवं हे?"

त्यानं कुदळ थांबवली. "येत हुतं, अत्ते."

"माझी आज्जी म्हणायची, हे तळं आपल्या माणसांनी खणलंय. कुणी मारय्या का कोण हुता, त्याच्यावरनंच घरात मारव्वा, मारप्पा नावं ठेवत्यात. म्हातारीची गोष्ट. खरं का खोटं कुणाला ठाऊक." तिनं कललेल्या मानेनं दगडाकडं पाहिलं. "बघ की जरा. आपल्यातल्या कुणाचं नाव हाय का ह्याच्यावर?"

बाकीच्यांनीही हात थांबवले. दुर्गप्पा बघत होता. सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि वर बांधावर रुद्रगौडा खुर्ची टाकून बसला होता.

तिरुकप्पा शिळेजवळ गेला नाही. लांबूनच म्हणाला, "न्हाई, अत्ते. आपल्यातलं कुणाचं न्हाई."

"मग असू दे," मारव्वा म्हणाली, आणि डालकी उचलून चालू लागली.